माझ्या हातून

आपल्या भाषेत एक सोय आहे.
'मी कप फोडला' म्हटलं की मी गुन्हेगार.
'माझ्या हातून फुटला' म्हटलं की सुटले,
जणू हात शेजारचा,
साखर मागायला आला आणि जाता जाता फोडून गेला.
श्रीरंगच्या तोंडी सध्या तिसराच प्रकार:
'धरवत नाही गं.'
धरवत. यात कोण धरतं, कोण सोडतं,
पत्ताच लागत नाही.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा. चौतीस वर्षं
त्यानं लोकांची मापं तपासली.
डायल गेज जेवढं चुकायचं तेवढं दाखल्यावर लिहायचा,
अधिक तीन मायक्रॉन, उणे एक.
यंत्रावर कधी चिडला नाही.
ते चुकत नाही, म्हणायचा, ते तसं आहे.

आता त्याचा उजवा अंगठा स्वस्थ बसला की थरथरतो,
सेकंदाला पाच वेळा, मी घड्याळ लावून मोजलंय,
आणि कपाकडे निघाला की शांत होतो.
थांबवला की हलतो, हलवला की थांबतो.
"यात मी कुठल्या बाजूला?" त्यानं विचारलं.
मी कांदा चिरत होते. म्हटलं, "जेवायच्या."

खालच्या मजल्यावरची तन्झीला फिजिक्स शिकते.
काका, पहिल्या क्षणी कुठला कण कुठे, कसा धावत होता
एवढं कळलं की पुढचं सगळं गणित.
खोल गेलं की थोडे फासे पडतात म्हणे,
पण फाशाला थोडंच मन असतं.
"म्हणजे हा कप," तो तुकडे सुपलीत भरत म्हणाला,
"चौदा अब्ज वर्षांपूर्वीच फुटला होता?"
"हो काका."
"मग ही आज का ओरडली?"
"तेही तेव्हाच."
तिघंही हसलो. हसणंही, अर्थात.

हसू आलं नाही ते मागच्या दिवाळीत.
नवी गोळी सुरू झाली होती, पांढरी, अर्धी करून द्यायची.
ज्या माणसानं पत्त्यांत कधी काडेपेटीची काडी लावली नाही
तो तलावपाळीजवळच्या लॉटरीच्या टपरीवर उभा राहू लागला.
चाळीस हजार.
तिकिटं मला तांदळाच्या डब्यात सापडली,
सोबत कागद, रकाने आखलेले, सुवाच्य,
उणे, उणे, उणे.

डॉक्टर मिरांडा म्हणाल्या, या गोळीनं होतं असं काहींना.
गोळी बंद केली. तीन आठवड्यांत
इच्छा निघून गेली, भाडेकरू जातो तशी,
भिंतीत खिळ्यांची भोकं ठेवून.

मी म्हटलं, सुटलो. तो तू नव्हतासच, गोळी होती.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "टपरीपर्यंत गोळीनं नेलं असेल.
डब्यात लपवली ती मी.
आणि तेही नसेन, तरी माझ्या नावावर लिही.
नाहीतर उद्या बरा असताना तुला चहा करीन,
तोही गोळीनंच केला म्हणशील."

मला उत्तर सुचलं नाही.
(सुचणं कुठे हातात असतं?)
तन्झीलाला मात्र विचारलं,
गेज कधी म्हणतं का गं, माफ कर?
ती पेनचं टोपण चावत राहिली.

काल मासुंद्याला फेरी मारताना
टपरीच्या अलीकडेच त्याचा पाय जमिनीला चिकटला.
या दुखण्यात होतं असं, पाऊल गोठतं.
विचारातही होतं.
कुठलं होतं, ते चेहऱ्यावरून कळेना. बहुधा त्यालाही.
टपरीतला पोरगा चिमट्यांना तिकिटं लटकवत होता,
पाण्यात कुणाची तरी बोट पायडल मारूनही
जागच्या जागी फिरत होती.

फिजिओनं शिकवलंय: हात ओढायचा नाही.
समोरची रेघ दाखवायची, ओलांड म्हणायचं.
फरशीला रेघ होती.
मी दाखवली नाही.
उभी राहिले, पर्स काखेत, बघत.
हे मी ठरवलं.
निदान मराठीत असंच म्हणतात.

मग पाऊल उचललं गेलं.

नाही.
त्यानं उचललं.